पाकिटाच्या पाठीवरचा स्वयंपाक

मला चहा करता येत नाही. दूध उतू जातं, साखर घालायची विसरतो, आणि एकदा तर पावडर समजून मी चहात जिरं घातलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते अशा माणसाने केलं हे नंतर कळलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही. पापड कसे तळावेत, धपाटे कसे थापावेत, भगर किती पाण्यात शिजवावी, लोणच्याला तेल किती घालावं, हे हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी पाकिटांच्या पाठीमागे लिहिलेलं आहे. त्यातलं पुष्कळसं मी लिहिलेलं आहे.

आखाडा बाळापुरात माझी छपाईची प्रेस होती. आता मुलगा बघतो. प्रेस चालायची लग्नपत्रिकांवर. लग्नसराई संपली की मशीन रिकामं, आणि मग मसाले, पापड, पिठं, हळद करणारे लोक लेबलं छापून घ्यायला यायचे. बाहेरच्या माणसाला लेबल म्हणजे समोरचं चित्र आणि नाव एवढंच वाटतं. खरं काम पाठीमागे असतं. वजन, घटक, परवान्याचा नंबर, पॅकिंगची तारीख, पत्ता, शाकाहारीचा हिरवा ठिपका, हे सगळं बसवलं की खाली साधारण दोन बोटांची जागा उरते. गिऱ्हाईक त्या जागेकडे बघतं आणि म्हणतं, “भाऊ, इथं कायतरी टाका की.” त्या कायतरीला आमच्या धंद्यात कृती म्हणतात.

कृती मजकुरासकट गिऱ्हाइकाने आणायची असते, पण आणत कुणीच नाही. मग मी विचारायचो आणि ते सांगायचे. मी त्याला जरा इस्त्री करून छापायचो. ‘मंद आचेवर खरपूस होईपर्यंत’ हे माझं आवडतं. मंद आच म्हणजे नेमकी किती हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. घरी बायको, सुमन, ती पाकिटं मोठ्याने वाचायची आणि शेवटी माझ्याकडे बघून विचारायची, “हे लिवणाऱ्यानं कधी गॅस पेटवला का?” मी पेपर वर धरायचो.

वारंगा फाट्यावर रशीदभाईंचं फुटाण्यांचं दुकान होतं. ट्रकवाले, एसटीचे प्रवासी, सगळं गिऱ्हाईक उभ्या उभ्या. त्यांनी एकदा पाकिटं करायचं मनावर घेतलं. लेबल बघून म्हणाले, “सब बराबर आहे, पण पीछे खाली दिसून राहिलं. मोठ्या कंपनीच्या पाकिटावर कसं लिहिलेलं रहता है, तसं लिहा.” मी म्हटलं, रशीदभाई, फुटाण्याला कृती काय लिहू? ते काही ऐकेनात. शेवटी मी लिहिलं, ‘पाकीट फोडावे. फुटाणे खावेत.’ त्यांनी ते नीट दोनदा वाचलं आणि विचारलं, “उरले तर काय करायचं ते नाही लिहिलं.” मी विचारलं, उरतात का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “उरत नाहीत. मग तसंच राहू द्या.” ती दोन वाक्यं वाचून ट्रकवाले हसायचे आणि हसत हसत आणखी एक पाकीट घ्यायचे. मी लिहिलेल्या सगळ्या मजकुरात खप वाढवणारी तेवढीच दोन वाक्यं.

दुसरा किस्सा वसमतच्या एका हळदवाल्याचा. त्याच्या लेबलावर मी आपला अंदाजाने ‘भाजीसाठी अर्धा चमचा’ असं छापून मोकळा झालो. चार दिवसांनी तो आईला घेऊन प्रेसमध्ये हजर. म्हातारी बसलीसुद्धा नाही. “अर्धा चमचा काहून लिवला? आमच्या हळदीत दम न्हाई असं सांगून राहिले का लोकायला? पाव चमच्यात भाजी पिवळी न्हाई झाली तर नाव बदलून ठेवीन.” सगळी लेबलं पुन्हा छापली. तिचं बरोबर होतं. ज्याचा माल चांगला त्याचं माप लहान, हे मला तिने शिकवलं.

अशी वर्षं काढल्यावर माझं एक ठाम मत झालं होतं. रोजच्या पदार्थावर कृती लिहिणं हा खाणाऱ्याचा अपमान आहे. भाकरीचं पीठ घेणाऱ्याला भाकरी येते. पापड घेणाऱ्याला तेल तापवता येतं. ज्याला येत नसेल त्याने शेजारी विचारावं. हे मत मी चारचौघांत जरा जोरातच मांडायचो. दोन बोटांच्या जागेत फुलाची नक्षी टाकावी, दिसायला चांगली दिसते, असा सल्ला गिऱ्हाइकांना द्यायचो. त्या सल्ल्याने एका बाईचं वर्षभराचं काम बुडायची वेळ आली, ती गोष्ट सांगायची आहे.

निर्मलाबाई हट्ट्याच्या. अकरा बायकांचा गट, आणि या गटाच्या प्रमुख म्हणजे त्या. उन्हाळ्यात गहू ओलवून, दळून, वस्त्रगाळ करून त्या पाटावरच्या शेवया करायच्या. मशीनच्या नव्हे, हाताच्या, केसासारख्या बारीक. नांदेडच्या एका प्रदर्शनात पुण्याच्या दुकानवाल्या मॅडमनी त्या पाहिल्या आणि ऑर्डर दिली. निर्मलाबाई गटातल्या दोघी-तिघींना घेऊन लेबल करायला माझ्याकडे आल्या. पाकिटावर गटाचं नाव होतंच, पण मॅडमचं म्हणणं होतं की एका बाईचं नाव मोठ्या अक्षरात पाहिजे, लोकांना विश्वास वाटतो. म्हणून ‘निर्मलाताईंच्या पाटशेवया’.

पाठीमागची जागा आली. निर्मलाबाईंनी विचारलं, “भाऊ, कशा करायच्या ते लिवायचं का?”

मी म्हटलं, “ताई, शेवया कशा करायच्या हे लिहिलं तर उद्या पाणी कसं प्यायचं तेही लिहावं लागेल.”

त्या हसल्या. बाकीच्या बायकाही हसल्या. मी तिथे जाईच्या फुलांची नक्षी टाकली. खरंच देखणी दिसत होती.

दीड महिन्याने निर्मलाबाई प्रेसमध्ये आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. मॅडमचा मेसेज होता. शेवयांचा लगदा होतो अशा तक्रारी येत आहेत, दुकानातला माल त्यांनी मागे ठेवलाय, पुढच्या खेपेलाही असंच झालं तर शेवया बंद करणार.

मी ताडकन म्हणालो की पुण्याच्या लोकांना खायची अक्कल नाही.

“असंल,” निर्मलाबाई म्हणाल्या. “पण त्याच्यावर तुमचं नाव न्हाई, माझं हाय. आन गटाच्या खोलीत शेवयांनी भरलेले डबे छताला लागलेत. हट्ट्यात कोण घेणार? घरोघर होतात. बाकीच्या दहा जणी मलाच विचारणार ना, पुढच्या उन्हाळ्यात पाट काढायचा का ठेवून द्यायचा.”

त्या मेसेजखाली मॅडमनी एका गिऱ्हाइकाच्या पत्राचा फोटो पाठवला होता. हाताने लिहिलेलं, रेघ न सोडता, खाली सही आणि फोन नंबर. दिगंबरराव नावाचे गृहस्थ. ‘आपल्या शेवया दुधात वीस मिनिटे उकळल्या. उत्तम प्रतीची खळ तयार झाली. आकाशकंदिलाचे कागद चिकटवण्यास उपयोगी पडेल. मी मूळचा कळमनुरीचा. शेवया कशा असतात ते मला ठाऊक आहे. कशा करतात ते ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होते त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. पाकिटावर मात्र फुले काढलेली आहेत.’

ते शेवटचं वाक्य वाचून मी मोबाइल त्यांना परत दिला. मी निर्मलाबाईंना म्हणालो, “ताई, फुलं माझी आहेत.” इतक्या वर्षांत गिऱ्हाइकासमोर चूक कबूल करायची ही माझी दुसरी वेळ. पहिली हळदवाल्या म्हातारीपुढची, आणि ती जबरदस्तीची.

निर्मलाबाईंनी तिथूनच फोन लावला. “साहेब, दुधात उकळायच्या नसत्यात. पाण्यात शिजवून पाणी काढून टाकायचं. वरून दूध, साखर, तूप. न्हाईतर गुळवणी.”

पलीकडून खणखणीत आवाज आला. “पाणी किती?”

“लागंल तेवढं.”

“बाई, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. जन्मभर पाणी मोजलंय. लागेल तेवढं असं माप नसतं. लिहून पाठवा.”

आता गंमत अशी की आमच्या भागात शेवयांचं पाणी काढून टाकतात हे कुणी कुणाला सांगत नाही. ते सांगायचं असतं हेच कुणाला माहीत नाही. लेकरू आईच्या मागे उभं राहून बघतं आणि मोठं होतं. पुण्याला मात्र शेवया म्हणजे तुपात भाजून दुधात उकळायची खीर. तिथल्या माणसाने तसंच केलं तर त्याची काय चूक? अकरा बायकांना आणि मला, बारा जणांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. त्यांना सुचलं नाही कारण त्यांना सगळं येत होतं. मला सुचलं नाही कारण मला काहीच येत नव्हतं आणि मी ते लपवत होतो.

संध्याकाळी हे घरी सांगितलं. सुमन लसूण सोलत होती. ती म्हणाली, “ज्याला येतं त्याला विचारून काय उपेग? ज्याला कायबी येत न्हाई असा माणूस धरा. त्याच्या हातात कागद द्या आन करू द्या. जिथं चुकंल तिथं लिवा.”

मी म्हटलं, कल्पना चांगली आहे, पण असा माणूस आणायचा कुठून? ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. लसूण सोलायची थांबली होती.

दोन दिवसांनी आम्ही दोघं वसमतवरून हट्ट्याला गेलो. सुमन मुद्दाम आली होती. असा योग तिला सोडायचा नव्हता. गटाची खोली स्वच्छ सारवलेली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, कडेला पाट उभे करून ठेवलेले आणि खरोखरच छतापर्यंत डबे. अकरा जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधोमध गॅस. अट अशी होती की मी कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं आणि बायकांनी तोंडातून शब्द काढायचा नाही.

कागदावर निर्मलाबाईंनी सांगितलेली पहिली कृती होती. ‘पाण्याला उकळी आली की शेवया टाका. शिजल्या की काढा.’

मी एक पेलाभर पाणी घेतलं. सगळ्यांच्या नजरा त्या पेल्यावर. उकळी आली. मी पाकीट फोडून अख्खी शेवई पातेल्यात उभी केली. अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर. बाहेरची हळूहळू वाकली आणि थेट जाळावर गेली. जळका वास सुटला. शांताबाई म्हणून एक जाडजूड बाई होत्या, त्यांनी पदर तोंडात कोंबला होता आणि खांदे हलत होते. आत जी शेवई होती तिने पाणी पिऊन टाकलं आणि पातेल्याला धरली.

“लिवा,” निर्मलाबाई म्हणाल्या. “शेवया मोडून टाकायच्या. पातेलं मोठं. पाणी...” आणि त्या थांबल्या. “पाणी किती गं घेतो आपण?”

अकरा जणींनी अकरा मापं सांगितली. बोटाचं पेर, तांब्याचा गळा, पातेल्याचा काठ. शेवटी एकीने नेहमीसारखं पातेल्यात पाणी घेतलं आणि ते आम्ही पेल्याने मोजून बाहेर काढलं. आठ पेले निघाले. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आपण आठ पेले घेतो हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं.

दुसऱ्यांदा पाणी झकास उकळलं, शेवया मोडून टाकल्या, आणि आता ‘शिजल्या की’. मी पातेल्यात बघत उभा राहिलो. शिजलेल्या शेवया दिसतात कशा? मी सुमनकडे बघितलं, ती छताकडे बघत होती. मी आपला थांबलो. थांबलो तेवढ्यात लगदा.

“किती येळ ठेवायच्या ते लिवा,” निर्मलाबाई म्हणाल्या.

शांताबाई म्हणाल्या, “वास बदलतो ना.” दुसरी म्हणाली, “वर येत्यात, पांढऱ्या होत्यात.” मी म्हटलं, पुण्याच्या साहेबांना मिनिटं पाहिजेत. मग निर्मलाबाईंनी स्वतः केल्या आणि मी मोबाइलवर वेळ लावली. त्यांनी पातेलं उतरवलं तेव्हा पुरती दोन मिनिटंही झाली नव्हती.

“एवढंच?” त्यांचा विश्वास बसेना. “मला तर लई येळ वाटायचा.”

“तेवढ्यात तू चार कामं उरकतीस म्हणून,” शांताबाई म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला वेळ बरोबर साधली. कागदावर होतं ‘काढा’, म्हणून मी पळीने एकेक घास शेवया बाहेर काढायला लागलो. पहिल्या छान निघाल्या आणि शेवटच्या पुन्हा गेल्या कामातून. चौथ्या खेपेला चाळणी आली. चाळणीत ओता असं लिहिलं होतं, कुठे ठेवून ते लिहिलं नव्हतं. मी ती हातात धरली. वाफ लागताच मी जो उडालो त्याला अकरा जणी आणि सुमन इतक्या हसल्या की बाहेरून दोन बाया डोकावून गेल्या. अट कधीच मोडली होती. सुमनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती मला म्हणाली, “असू द्या, भाजलं न्हाई ना?” आणि परत हसायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यामुळे ती एवढी हसल्याचं मला आठवत नाही. बरं वाटलं.

‘चाळणी मोरीत ठेवावी, हातात धरू नये’ ही ओळ आजही त्या पाकिटावर आहे. वाचणाऱ्यांना ती विनोदी वाटते. ती अनुभवाची आहे.

पाचव्यांदा जमलं. मोकळ्या, पांढऱ्या, एकेक शेवई वेगळी. वरून गार पाणी शिंपडलं, दूध, साखर, तूप घातलं. मी आयुष्यात पहिल्यांदा शिजवलेला पदार्थ निर्मलाबाईंनी आधी माझ्याच हातात दिला. लोकांना इतकी वर्षं जे करायला सांगत आलो ते करून बघायला मला साठी उलटावी लागली, याची त्या घासाबरोबर लाजही वाटली. त्या दिवसापासून माझं ते ठाम मत गेलं. रोजचा पदार्थ म्हणतो आपण, पण कुणाचा रोजचा, हे विचारलं पाहिजे. हट्ट्याला रोजचं ते पुण्याला नवं. सुमनला रोजचं ते मला या वयात अवघड. फुटाण्यांना कृती लागत नाही, यावर मात्र मी अजून कायम आहे.

कृती आठ ओळींची झाली. खाली मी लिहिलं, ‘हे माप चार जणांसाठी.’ एक पाकीट आणि तो कागद दिगंबररावांना पाठवला. निर्मलाबाईंनी फोनवर बजावलं, “साहेब, कागदात हाय तेवढंच करा. जास्तीचं न्हाई, कमी न्हाई. आन मला विचारू नका.” ते म्हणाले की चाचणी तशीच व्हायला पाहिजे. त्यांचा निरोप आल्याशिवाय लेबल छापायचं नाही असं आमचं ठरलं. मॅडम तिकडून रोज विचारत होत्या, माल कधी निघणार.

रविवारी मी प्रूफ घेऊन हट्ट्याला गेलो होतो. पाठीमागची फुलं काढली होती, सगळ्या जागेत अक्षरं होती. निर्मलाबाई बोट ठेवून वाचत होत्या तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. बायका जवळ सरकल्या.

“जमल्या का, साहेब?”

“जमल्या,” दिगंबरराव म्हणाले. “अगदी तशाच. घरी व्हायच्या तशाच.” मग म्हणाले, “पण तुमच्या कागदात एक घोळ आहे.”

निर्मलाबाईंचा हात प्रूफवरच राहिला.

“माप चार जणांचं आहे. मी एकटा. अर्ध्याला पाणी किती, पावाला किती, काही दिलेलं नाही. आणि कमी करायचं नाही म्हणून तुम्हीच दम दिला होता.”

“मग काय केलं?”

“करणार काय? अख्खं पाकीट केलं. समोरच्या घरातल्या नवरा-बायकोला हाक मारली, वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आहेत त्यांना बोलावलं. बायको गेल्यापासून माझ्या टेबलावर एकापेक्षा जास्त ताटं लागली नव्हती. आज चार लागली. आत्ता उठून गेले सगळे.”

मी खिशातून पेन काढला. चूक दिसली की लगेच दुरुस्त करायची, ही प्रेसची सवय. म्हटलं, “साहेब, आत्ताच एक ओळ वाढवतो. एका माणसाचं माप लिहून टाकतो.”

“अजिबात लिहू नका,” दिगंबरराव जवळजवळ ओरडलेच. “ते पुढच्या रविवारी परत यायचे आहेत.”

निर्मलाबाईंनी माझ्या हातातला पेन काढून घेतला, त्याला टोपण लावलं आणि म्हणाल्या, “छापा आता, भाऊ.”